अंतर २१४ किलोमीटर, उड्डाण १६ मिनिटांचे, मग तिकिटावर सव्वा तास का?

मुक्कामी (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या चार महिन्यांपासून वडिलांच्या उपचारांसाठी मला दर पंधरवड्याला त्यांना शेजारच्या शहरात न्यावे लागते. रस्त्याने हे अंतर २९० किलोमीटर भरते आणि गाडीने साडेपाच तास लागतात. वडिलांच्या मणक्याच्या दुखण्यामुळे इतका वेळ एका जागी बसणे त्यांना सोसत नाही, म्हणून मागच्या खेपेला आम्ही विमानाने गेलो.

जाण्यापूर्वी मी दोन संकेतस्थळांवर या दोन शहरांमधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ शोधला होता. अंतर दोन्हीकडे २१४ किलोमीटर होते. वेळ मात्र एकाने १६ मिनिटे दाखवला, तर दुसऱ्याने ४६ मिनिटे. तिकिटावर सुटण्याची वेळ सकाळी ७:१० आणि पोहोचण्याची ८:२५, म्हणजे सव्वा तास छापलेला होता. प्रत्यक्षात घराचे दार ओढून घेतल्यापासून रुग्णालयाच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत आम्हाला ४ तास ५० मिनिटे लागली.

माझा प्रश्न असा आहे की या चार आकड्यांपैकी खरा कोणता मानायचा आणि पुढच्या खेपेचा अंदाज आधीच बांधायचा असेल तर कोणत्या आकड्यापासून सुरुवात करायची. वडिलांच्या औषधांच्या वेळा या हिशेबावर अवलंबून आहेत, त्यामुळे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्षवृत्त

वेळेकडे वळण्यापूर्वी अंतराची शहानिशा करून घेऊ, कारण अनेकांना वाटते की गडबड तिथेच आहे.

२१४ किलोमीटर हे बृहद्वृत्तावरचे अंतर आहे. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल या दोन शहरांमधून नेले की पृष्ठभागावर जी कमान उमटते, तिची ही लांबी. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश घेऊन हॅवरसाइन सूत्राने ती काढतात आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरतात. आता यात चूक किती होऊ शकते ते पाहा. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांशी सुमारे ६,३५७. तिला पूर्ण गोल मानल्याने येणारा फरक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या अंतरात जास्तीत जास्त एक किलोमीटर. तोही नको असेल तर भूमापनतज्ज्ञ व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडलेली सूत्रे आहेत आणि त्यांत पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात घेतलेला असतो.

पृथ्वीच्या वक्रतेचेही असेच आहे. २१४ किलोमीटरची कमान आणि त्याच दोन टोकांना जमिनीखालून जोडणारी सरळ रेषा यांच्या लांबीत फक्त १० मीटरचा फरक पडतो. विमान सहा किलोमीटर उंचीवरून गेले तर वाट लांबते ती दोनशे मीटर. इतक्या जवळच्या शहरांसाठी भूमिती अगदी निर्दोष आहे, असे मी खात्रीने सांगतो.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: हे अंतर कुठपासून कुठपर्यंतचे आहे? अशी संकेतस्थळे बहुधा शहराच्या मध्यबिंदूपासून मोजतात आणि विमान सुटते विमानतळावरून. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. हजारो किलोमीटरच्या प्रवासात ६० किलोमीटरचे काही वाटत नाही, पण २१४ मध्ये ते चौथ्या हिश्श्याहून जास्त होतात. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घेऊन एकदा पुन्हा मोजून पाहा.

नियोजक

मी अनेक वर्षे विमान कंपनीत उड्डाण-नियोजनाचे काम केले आहे, त्यामुळे वेळेबद्दल लिहितो.

१६ आणि ४६ हे दोन्ही आकडे एकाच भागाकारातून आले आहेत. काही संकेतस्थळे विमानाचा वेग ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर धरतात. २१४ ला ८०५ ने भागले की १६ मिनिटे येतात. दुसऱ्या संकेतस्थळाने त्यात चढ-उताराची म्हणून ३० मिनिटे मिळवली आणि ४६ केले. दोघांनीही तुमचा मार्ग, विमान, धावपट्टी यांपैकी काहीही पाहिलेले नाही.

खरे घोडे पेंड खाते ते त्या वेगापाशी. ताशी ८०५ किलोमीटर हा जेट विमानाचा उंचावरच्या सरळ उड्डाणातला वेग आहे आणि तुमचे विमान तिथवर पोहोचतच नाही. उतरण्याचा एक जुना ठोकताळा वैमानिक आजही वापरतात: दर हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल लागतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या हिशेबाने ३०,००० फुटांवरून उतरायला ९० सागरी मैल, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर हवेत. चढायलाही बरेच अंतर लागते. एकूण वाटच २१४ किलोमीटरची असेल तर ३०,००० फूट गाठण्याआधीच उतरायला सुरुवात करावी लागेल. म्हणून अशा मार्गांवर आम्ही पंधरा ते वीस हजार फुटांच्या दरम्यानची उंची निवडतो. तिथे विमान समतल उडते ते चार-पाच मिनिटे. बाकीचा सगळा वेळ ते एकतर चढत असते किंवा उतरत असते.

वेगावरही बंधने असतात. १०,००० फुटांखाली २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, हा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. धावपट्टीच्या समोर येईपर्यंत जेट विमानाचा वेग साधारण १४० नॉटवर, म्हणजे ताशी २६० किलोमीटरवर आलेला असतो. थोडक्यात, तुमच्या प्रवासाचा मोठा भाग ज्या वेगाने होतो, तो संकेतस्थळाने धरलेल्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास आहे.

आता सव्वा तासाकडे येतो. तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकांना लावलेले चॉक, म्हणजे अडसर, काढून विमान जागेवरून हलते तिथून तो सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर उभे राहून पुन्हा चॉक लागतात तिथे संपतो. टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चाकांवर हळू चालत, धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, परवानगीची वाट पाहणे आणि उतरल्यावर पुन्हा टॅक्सी करणे हे सगळे त्यात येते. गर्दीच्या विमानतळावर एवढ्यालाच वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात.

त्याखेरीज वेळापत्रक बनवताना काही मिनिटे हातची धरलेली असतात. नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले उड्डाण वेळेवर आले, असे या व्यवसायात मानतात. एकच विमान दिवसभरात अशा पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला जेमतेम अर्धा तास मिळतो. सकाळी दहा मिनिटे गेली तर ती संध्याकाळपर्यंत वाढत जातात. म्हणून वेळापत्रकात थोडी ऐसपैस जागा ठेवावी लागते आणि याच कारणाने मी तुम्हाला सांगेन की वडिलांना न्यायचे असेल तर दिवसाचे पहिले उड्डाण घ्या.

मुक्कामी

अक्षवृत्त आणि नियोजक, दोघांचेही मनापासून आभार. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मोजल्यावर अंतर २०३ किलोमीटर आले. दोन्ही विमानतळ आपापल्या शहराबाहेर, दुसऱ्या शहराकडच्या बाजूला आहेत, त्यामुळे हवेतली वाट कमी झाली आणि रस्त्यावरची वाढली, हे आता लक्षात आले.

मागच्या खेपेच्या ४ तास ५० मिनिटांची फोड अशी आहे. घरातून विमानतळापर्यंत ५० मिनिटे गेली. विमानतळावर चेक-इन, सुरक्षा तपासणी आणि बोर्डिंग धरून ९५ मिनिटे, त्यानंतर विमानात तिकिटाप्रमाणे ७५ मिनिटे, उतरून सामान घेऊन बाहेर यायला २५ आणि तिथून रुग्णालयापर्यंत ४५ मिनिटे लागली.

नियोजक

ही फोड दिल्याबद्दल धन्यवाद, कारण मला म्हणायचे होते ते तुमच्याच आकड्यांत दिसते आहे. एकूण २९० मिनिटांपैकी दोन शहरांमधल्या अंतरामुळे थेट खर्च झालेला वेळ कितीसा? संकेतस्थळाचा वेग धरला तर १६ मिनिटे, म्हणजे एकूण वेळेचा अठरावा हिस्सा. ही शहरे आणखी शंभर किलोमीटर दूर असती तर तुमच्या २९० मिनिटांत जेमतेम आठ-दहा मिनिटांची भर पडली असती.

प्रत्येक उड्डाणाचा वेळ दोन भागांचा असतो. एक भाग ठरलेला: टॅक्सी, चढ-उतार, वळणे. तो साधारण अर्धा तास धरा. दुसरा भाग अंतराला वेगाने भागून येणारा. ८,००० किलोमीटरच्या प्रवासात दुसरा भाग दहा तासांचा असतो, त्यामुळे ठरलेला अर्धा तास विसरला तरी अंदाज फारसा चुकत नाही. जवळच्या शहरांत मात्र तो ठरलेला भागच मोठा होऊन बसतो. अंतर जितके कमी, तितके ते वेळेबद्दल कमी सांगते. म्हणून तुमच्यासारख्या प्रवाशाने किलोमीटरपासून सुरुवातच करू नये. आधी दोन्ही टोकांचा जमिनीवरचा वेळ मांडावा आणि मधे ब्लॉक टाइम ठेवावा.

वातकुक्कुट

वाऱ्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. हवामान हा माझा अभ्यासाचा विषय असल्यामुळे ही भर घालतो.

समजा, पंख्याचे विमान हवेत ताशी ४८० किलोमीटर वेगाने जाते आहे आणि मागून ताशी ८० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीच्या सापेक्ष वेग ५६० होतो आणि २१४ किलोमीटरला २३ मिनिटे लागतात. परतताना तोच वारा समोरून येतो, वेग ४०० वर उतरतो आणि ३२ मिनिटे लागतात. दोन्ही मिळून ५५ मिनिटे झाली. वारा अजिबात नसता तर दोन्ही वेळा मिळून साडेत्रेपन्न मिनिटे लागली असती. जाताना वाऱ्याने जे दिले, ते परतताना तो व्याजासह वसूल करतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. वारा आडवा असला तरी नाक वाऱ्याकडे वळवून उडावे लागते, त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा थोडे नुकसानच होते.

जवळच्या शहरांत मात्र वाऱ्याचा दुसराच परिणाम मोठा ठरतो. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. आता कल्पना करा की वारा तुमच्या गावाकडून रुग्णालयाच्या गावाकडे वाहतो आहे आणि दोन्ही धावपट्ट्या त्याच दिशेत आहेत. प्रवासभर वारा पाठीशी आहे. पण उड्डाण करताना विमानाला रुग्णालयाच्या गावाकडे पाठ करून उडावे लागेल आणि मग पूर्ण वळसा घेऊन मार्गावर यावे लागेल. तिथे पोहोचल्यावर विमानतळाच्या बाजूने पुढे जाऊन, मागे वळून, वाऱ्याकडे तोंड करून उतरावे लागेल. परतताना समोरून वारा असेल, पण उड्डाण सरळ घराच्या दिशेने होईल आणि उतरणेही सरळ होईल. त्यामुळे पाठीशी वारा असूनही जाणे लांबले, हा अनुभव जवळच्या मार्गांवर येऊ शकतो. लांबच्या प्रवासात ही दोन वळणे कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

रूळवाट

चर्चा फार चांगली चालली आहे, पण मुळात विमानच का, हा प्रश्न विचारायला हवा. नियोजक यांचा युक्तिवाद पुढे नेला तर निष्कर्ष रेल्वेच्या बाजूने निघतो. आगगाडीचा ठरलेला भाग फार लहान असतो. स्थानक बहुधा शहराच्या मध्यात असते आणि दहा मिनिटे आधी पोहोचले तरी चालते.

लंडन आणि पॅरिस या शहरांत सरळ रेषेत साधारण ३४५ किलोमीटरचे अंतर आहे आणि विमानाचा ब्लॉक टाइम सव्वा तासाच्या आसपास असतो. खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी सव्वादोन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ घेते. कागदावर विमान तासाभराने पुढे आहे, तरीही मध्यवस्तीतून मध्यवस्तीत जाणाऱ्याला आगगाडीच लवकर पोहोचवते. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यामध्ये २००८ मध्ये वेगवान रेल्वे पूर्ण झाली, तेव्हाही प्रवाशांनी हाच हिशेब केला. रुळांची लांबी सुमारे ६२० किलोमीटर आणि सरळ अंतर जेमतेम ५०० च्या आसपास, तरी अडीच तासांच्या आगगाडीने विमानाचे पुष्कळ प्रवासी ओढून घेतले. फ्रान्सने तर २०२३ मध्ये, जिथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा देशांतर्गत मार्गांवरची उड्डाणे थांबवली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नाँत, ल्योन आणि बोर्दो इथे जाणारी उड्डाणे त्यात बंद झाली.

नियोजक

रूळवाट यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र ही तुलना वेगवान रुळांची आहे. मधे समुद्र, खाडी किंवा डोंगर आला आणि रूळच नसले तर गणित पूर्ण उलटते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यान २.७ किलोमीटरचे नियमित विमान आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली आहेत आणि अनुकूल वाऱ्यात ते एका मिनिटाच्या आतही पोहोचलेले आहे. तिथे धावपट्टी घराजवळ आहे, रांगा नाहीत आणि मधे पाणी आहे. ठरलेला भागच उरत नाही, म्हणून इतके थोडे अंतरही विमानाने जाण्यात अर्थ आहे.

अक्षवृत्त

एक बारीकशी सूचना. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात. हेलसिंकी आणि स्टॉकहोम या शहरांमध्ये सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर आहे, ब्लॉक टाइम तासाभराचा आहे आणि स्टॉकहोमचे घड्याळ एक तास मागे आहे. त्यामुळे हेलसिंकीहून आठला सुटलेले विमान स्टॉकहोमलाही आठच्या सुमारास पोहोचते. मुक्कामी यांच्या दोन शहरांचे घड्याळ एकच दिसते, त्यामुळे त्यांची वजाबाकी बरोबर आहे, पण हा धागा पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

मुक्कामी

परवाची खेप करून आलो आणि या वेळी सगळ्या वेळा वहीत टिपल्या. वडिलांनीही आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी त्या ताडून पाहिल्या. तेवढ्या वेळात त्यांचे दुखण्याकडे लक्ष गेले नाही, याचे मला फार समाधान वाटले.

जाताना विमानाचे दार ७:०४ ला बंद झाले, ७:११ ला विमान हलले आणि ७:२४ ला चाके जमिनीवरून उचलली गेली. उडाल्याबरोबर ते उजवीकडे वळत राहिले, इतके की खिडकीतला सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला. इंजिनांचा आवाज स्थिर झाला आणि साधारण पाच मिनिटांत तो पुन्हा मंदावून विमान उतरू लागले. ८:०२ ला चाके टेकली आणि ८:०९ ला विमान थांबले. सुटण्यापासून थांबण्यापर्यंत ५८ मिनिटे झाली, म्हणजे तिकिटावरच्या वेळेपेक्षा आम्ही १६ मिनिटे आधी पोहोचलो. पण चाकांच्या खुर्चीतल्या प्रवाशाला सर्वांत शेवटी उतरवतात आणि खुर्ची खाली नेणारे वाहन यायला वेळ लागला, त्यामुळे वडील प्रत्यक्ष जमिनीवर आले तेव्हा ८:२६ झाले होते. हातची धरलेली मिनिटे अशी खर्ची पडली.

हवेत जाताना ३८ मिनिटे लागली आणि परतताना ३७. वातकुक्कुट यांनी लिहिले तसेच घडले. वारा जाताना पाठीशी होता, तरी उड्डाणाचा माग दाखवणाऱ्या नकाशावर जातानाची वाट २५८ किलोमीटरची भरली आणि परतीची २२६ ची.

रूळवाट

फार उपयुक्त नोंदी आहेत. तुमच्या दोन शहरांमध्ये आगगाडी आहे का आणि ती किती वेळ घेते, हेही एकदा सांगावे.

मुक्कामी

आगगाडी आहे. वेगवान नाही, ४ तास १० मिनिटे घेते, म्हणून मी ती आजवर विचारातच घेतली नव्हती. तुमचा प्रश्न वाचून काल नियोजक यांच्या पद्धतीने आधी टोकांचा वेळ मांडला. घरापासून स्थानक १५ मिनिटांवर आहे, गाडीच्या आधी २० मिनिटे पोहोचलो तर पुरते आणि तिकडच्या स्थानकापासून रुग्णालय १० मिनिटांवर आहे. बेरीज ४ तास ५५ मिनिटे झाली. विमानाच्या पहिल्या खेपेपेक्षा पाच मिनिटे जास्त.

विमानाच्या प्रवासात वडिलांना गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून आसनावर आणि पुन्हा तसेच उलट असे सहा वेळा उठवून बसवावे लागते आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा वेदनेने आवळतो. आगगाडीत त्यांना एकदा चढवले की चार तास आडवे होता येते. दहाची गोळीही वेळेवर आणि शांतपणे देता येईल. पुढच्या पंधरवड्याची शयनयान डब्यातली खालची जागा आज सकाळीच राखून ठेवली आहे. त्या खेपेच्या वेळाही टिपून इथे लिहीन.